हे युद्ध नको, ही शपथ नको : फ्रान्झ येगरश्टेटर यांचं प्रकरण

६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाने ऑस्ट्रियातल्या एका शेतकऱ्याला मृत्युदंड सुनावला. आरोपीने काहीच नाकारलं नव्हतं, त्यामुळे साक्षीपुराव्याची खटपट करावी लागली नाही. त्याचं म्हणणं निकालपत्रात नोंदवलेलं आहे. राष्ट्रीय समाजवादी, म्हणजे नाझी, राज्यासाठी लढलो तर माझ्या धर्मविवेकाविरुद्ध वागल्यासारखं होईल. नाझी आणि कॅथलिक दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. काही बाबतींत माणसांपेक्षा देवाचं ऐकावं लागतं. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा मला शस्त्र धरू देत नाही, पण सैन्यात रुग्णसेवक म्हणून काम करायला मी तयार आहे. एवढं लिहून खाली शिक्षा दिली आहे : सैन्याचं बळ खच्ची करण्याच्या गुन्ह्याबद्दल मृत्यू.

त्या शेतकऱ्याचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर. वय ३६. घरी म्हातारी आई, बायको आणि तीन लहान मुली.

धर्माच्या आधारे युद्धसेवा नाकारण्याची उदाहरणं शोधायला बसलं की आधी क्वेकर किंवा मेनोनाइट पंथाची माणसं भेटतात. कुठलंच युद्ध नको, अशी त्यांची पंथाचीच शिकवण. त्याहून मागे गेलं तर इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तेबेसा इथे मॅक्सिमिलियन नावाचा २१ वर्षांचा तरुण दिसतो. मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येणार नाही, असं त्याने रोमन अधिकाऱ्याला सांगितलं आणि त्याचा शिरच्छेद झाला. येगरश्टेटर यांचं प्रकरण मला या सगळ्यांपेक्षा अवघड वाटतं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे. ज्या कॅथलिक ख्रिस्तसभेत (चर्चमध्ये) ते वाढले ती संत ऑगस्टीनपासून शिकवत आली होती की न्याय्य कारणासाठी युद्ध करता येतं. शिवाय त्यांनी स्वतः एकदा लष्करी गणवेश घातलेला होता. सगळ्या युद्धांना नकार हा त्यांचा मुद्दा नव्हता. हे युद्ध अन्यायाचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते ठरवणारे तुम्ही कोण, हा प्रश्न त्यांना सरकारने विचारला, नातेवाइकांनी विचारला, आणि धर्मगुरूंनीही विचारला.

माणूस कसा होता

सांक्ट राडेगुंड हे वरच्या ऑस्ट्रियातलं, बव्हेरियाच्या सीमेवरचं लहानसं खेडं. हिटलर जिथे जन्मला ते ब्राउनाउ तिथून जवळच. फ्रान्झ यांचा जन्म तिथे २० मे १९०७ रोजी झाला. आई मोलकरीण, वडील शेतमजूर, लग्न करण्याइतकाही पैसा दोघांकडे नव्हता. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पोराला आजीने वाढवलं. १९१७ मध्ये आईने हाइनरिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि त्यांनी मुलाला आपलं नाव दिलं.

त्यांच्या तरुणपणात संतपण दिसेल असं फारसं काही नाही. तीन वर्षं आइसेनएर्त्सच्या लोखंडाच्या खाणीत काम केलं, परत आले ते मोटरसायकल घेऊन, गावातली पहिली. लग्नाआधी एका मुलीपासून त्यांना कन्या झाली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. संतचरित्रं लिहिणारे असे तपशील झाकतात आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, ही माणसं आपल्यातली नव्हतीच.

१९३६ च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, त्यांचं फ्रान्झिस्का श्वानिंगर यांच्याशी लग्न झालं आणि लग्नानंतर दोघं रोमला गेले. फ्रान्झिस्का भाविक होत्या. नवराबायको एकत्र बायबल वाचू लागले, फ्रान्झ रोज मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाऊ लागले. गावकऱ्यांनी बदल पाहिला आणि त्याचं श्रेय, पुढे दोषही, बायकोच्याच माथी मारला.

१९३३ चं पत्र

हे प्रकरण समजून घ्यायचं तर १० वर्षं मागे जावं लागतं. लिंत्स धर्मप्रांताचे तेव्हाचे बिशप योहानेस मारिया ग्फ्योल्नर यांनी जानेवारी १९३३ मध्ये आपल्या भाविकांना पत्र लिहिलं. चांगला कॅथलिक आणि खरा राष्ट्रीय समाजवादी एकाच वेळी होणं अशक्य आहे, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं. म्हणजे १९४३ मध्ये बर्लिनच्या न्यायालयात त्या शेतकऱ्याने जे सांगितलं, ते त्याच्याच बिशपांनी एके काळी अधिकृतपणे शिकवलं होतं.

मधल्या काळात शिकवणारे गप्प झाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नाचे कार्डिनल इनिट्झर यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियाच्या बिशपांनी सामिलीकरणाला पाठिंबा देणारं निवेदन काढलं, चर्चचर्चमधून ते वाचून दाखवलं गेलं. १० एप्रिलला सार्वमत झालं. सांक्ट राडेगुंडमध्ये विरोधी मत फक्त फ्रान्झ यांनी दिलं, आणि वर कळवताना ते मतही गाळून गाव एकमताने बाजूने आहे असंच कळवलं गेलं.

त्याच वर्षी जानेवारीत त्यांना एक स्वप्न पडलं होतं, ते त्यांनी पुढे लिहून ठेवलं. डोंगराला वळसा घालत एक सुंदर आगगाडी येते, लहानथोर सगळे तिच्याकडे धावतात, कुणी थांबवू पाहिलं तरी थांबत नाहीत. तेवढ्यात आवाज येतो, ही गाडी नरकात चालली आहे. स्वप्नावर कुणी कितपत विसंबावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण फ्रान्झ यांनी त्याचा अर्थ अगदी साधा लावला : गाडी नाझी पक्षाची आहे, आणि चढलेला माणूस उतरू शकतो.

एकदा गणवेश घातल्यावर

जून १९४० मध्ये त्यांना ब्राउनाउला सैन्यात बोलावलं. ते गेले. गावच्या सरपंचाने शेतीचं कारण पुढे करून त्यांना काही दिवसांत सोडवून आणलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावणं आलं आणि एन्स इथे वाहनचालक म्हणून त्यांचं प्रशिक्षण झालं. त्याच गावात ८ डिसेंबर १९४० रोजी त्यांनी संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाची, म्हणजे संसारात राहणाऱ्या भाविकांच्या संघाची, दीक्षा घेतली. एप्रिल १९४१ मध्ये पुन्हा सूट मिळून ते घरी आले, आणि आता बोलावलं तर जाणार नाही, असं त्यांनी उघड सांगायला सुरुवात केली.

मग आधी का गेले? टीकाकार हा प्रश्न विचारतात, आणि न्यायालयालाही तो सुचला होता. माझ्या मते या प्रकरणाचं खरं मूल्य इथेच आहे. विवेक माणसात जन्मतः तयार होऊन येत नाही, पाहून, वाचून, छळ सोसून तो घडतो. बराकीत त्यांनी सैन्य आतून पाहिलं. मनोरुग्ण आणि अपंगांना राज्य गुपचूप मारत आहे, ही बातमी त्यांच्या कानावर आली. यातली एक जागा, हार्टहाइमचा किल्ला, लिंत्सच्या जवळच होती. गावचे फादर कारोबाट यांना प्रवचनाबद्दल पकडून गावाबाहेर घालवलं गेलं. रशियावरच्या स्वारीला बोल्शेव्हिकांविरुद्धचं, म्हणजे रशियन साम्यवाद्यांविरुद्धचं, धर्मयुद्ध म्हटलं जात होतं. फ्रान्झ यांनी वहीत लिहिलं की लढाई खरोखर विचारांशी आहे, की तिथल्या खनिजांसाठी, तेलविहिरींसाठी आणि सुपीक जमिनीसाठी? सातवी-आठवीपर्यंतची गावची शाळा शिकलेल्या माणसाने हे विचारलं, आणि ज्यांनी विचारायला हवं होतं ते बरेच जण तेव्हा मूग गिळून बसले होते.

आणखी एक गोष्ट शपथेची. १९३४ च्या ऑगस्टपासून जर्मन सैनिकाची शपथ बदलली होती. देश किंवा राज्यघटना यांच्याऐवजी सैनिक 'देवाला स्मरून' अडॉल्फ हिटलर या माणसाशी बिनशर्त आज्ञाधारकपणाची शपथ घेत असे. आपल्याकडे सैन्यात भरती होणारा जवान भारतीय राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतो, आणि ईश्वराचं नाव नको असेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची मुभा त्याला असते. हा फरक ध्यानात घेतला तर त्या शेतकऱ्याची अडचण मराठी वाचकाला चटकन कळेल. बिनशर्त आज्ञापालन ख्रिस्ती माणूस फक्त देवालाच देऊ शकतो. ते देवाचं नाव घेऊन दुसऱ्या कुणाला वाहायचं, हे त्यांना जमेना.

बिशपांच्या दारात

बोलावणं पुन्हा येणार हे उघड होतं. फ्रान्झ यांनी आपले प्रश्न कागदावर लिहिले आणि लिंत्सला जाऊन बिशप योसेफ फ्लीसर यांची भेट घेतली. ग्फ्योल्नर वारले होते, धर्मप्रांताचा कारभार आता फ्लीसर यांच्याकडे होता. फ्रान्झिस्का सोबत गेल्या होत्या, पण त्या बाहेर थांबल्या. आत बिशपांनी सांगितलं की तुमची जबाबदारी तुमचं कुटुंब आहे, राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब तुम्हाला द्यायचा नाही. बाहेर आल्यावर फ्रान्झ बायकोला म्हणाले, त्यांची हिंमत होत नाही, नाहीतर त्यांचीच पाळी येईल.

बिशपांचा युक्तिवाद नवा नव्हता. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावं. राजाच्या युद्धाचा न्यायअन्याय साध्या शिपायाला कळणार नाही, तेव्हा शंका असेल तर त्याने हुकूम पाळावा, पाप राजाला लागेल, अशी परंपरा ऑगस्टीनपासून चालत आली होती. पण त्या परंपरेची अट 'शंका असेल तर' ही आहे. फ्रान्झ यांना शंका उरली नव्हती. युद्ध अन्यायाचं आहे अशी खात्री असलेल्या माणसालाही हुकूम पाळ म्हणायचं, तर मग न्याय्य आणि अन्याय्य युद्ध हा भेद शिकवायचा तरी कशाला? तो शिपायासाठी नसेल तर दुसऱ्या कुणाला तो कधी वापरावा लागणार?

कुटुंबाचा मुद्दा मात्र मला हलका करता येत नाही. मुलींची वयं तेव्हा पाच, चार आणि तीनला टेकलेली. शेती बायकोच्या आणि म्हाताऱ्या आईच्या अंगावर पडणार होती. आईने नातेवाइकांना मध्ये घातलं, शेजाऱ्यांनी भांडून पाहिलं. बायकोमुलं आहेत एवढ्यावरून देवाचा अपराध करायची मोकळीक मिळते असं मला वाटत नाही, हे फ्रान्झ यांचं उत्तर. ते सैनिकाच्या घरालाही लागू होतं, हे विसरू नये. १९४३ मध्ये रशियाच्या आघाडीवर पाठवलेला बाप घरी परतेलच याची हमी कुणी देत नव्हतं. तरीही रणांगणावर मेलेल्याच्या विधवेला निवृत्तिवेतन आणि मान मिळतो, असा नकार देणाऱ्याच्या विधवेला तो मिळत नाही. फ्रान्झ यांना हे ठाऊक होतं.

फ्रान्झिस्का यांनीही सुरुवातीला त्यांना विनवलं. पुढे त्यांनी ते सोडून दिलं. सगळेच त्यांच्याशी भांडत होते, मीही बाजू सोडली असती तर त्यांना कुणीच उरलं नसतं, असं त्या म्हातारपणी सांगत. या प्रकरणाचा निर्णय एकट्याचा होता असं लिहिणारे हे वाक्य नीट वाचत नाहीत असं मला वाटतं.

२३ फेब्रुवारी १९४३ रोजी बोलावण्याचा कागद आला. टिटमोनिंगच्या स्टेशनवर दोघांना हात सोडवेनात, गाडी सुटल्यावर ओढीने ते सुटले. १ मार्चला फ्रान्झ एन्सच्या तुकडीत हजर झाले, आणि लढणार नाही असं सांगून मोकळे झाले.

तुरुंगातले पाच महिने

आधी लिंत्सची लष्करी कोठडी, मग ४ मे पासून बर्लिनचा टेगेल तुरुंग. ईस्टरच्या सुमारास घरून एक फोटो आला, त्यात तिन्ही मुली फलक धरून उभ्या होत्या : 'लाडके बाबा, लवकर या.' हा फोटो त्यांनी कोठडीत किती वेळा पाहिला असेल, याचा विचार माझ्याच्याने होत नाही.

हात बेड्यांत असताना लिहावं लागलं तरी इच्छा बेड्यांत असण्यापेक्षा ते पुष्कळ बरं, असं त्यांनी टेगेलमध्ये लिहिलं. जे सैन्यात गेले त्यांच्यावर त्यांनी कधी दगड मारला नाही. आपण चुकत तर नाही ना, हा विचार मात्र त्यांना छळत होता, कारण एकही धर्माधिकारी त्यांच्या बाजूने बोललेला नव्हता. तुरुंगाचे फादर क्रॉइट्सबर्ग यांनी त्यांना सांगितलं की ऑस्ट्रियाचेच एक धर्मगुरू, फादर फ्रान्झ राइनिश, हिटलरची शपथ नाकारून वर्षभरापूर्वीच, २१ ऑगस्ट १९४२ रोजी, मारले गेले आहेत. ते ऐकून फ्रान्झ यांना फार मोठा दिलासा मिळाला. फादर करू शकतात तर मीही करू शकतो, असं त्यांना वाटलं.

सरकारने नेमून दिलेले वकील फेल्डमान यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून फ्रान्झिस्का आणि गावचे तरुण फादर फ्युर्टहाउअर यांना बर्लिनला बोलावलं. १३ जुलैला सुमारे २० मिनिटांची भेट झाली. फादरांनी समजावलं, फ्रान्झ बधले नाहीत.

९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांना ब्रांडेनबुर्गला नेलं. तिथले फादर योखमान भेटायला गेले तेव्हा टेबलावर एक कागद पडलेला होता. त्यावर सही केली तर जीव वाचेल, असं फादरांनी दाखवलं. अन्यायाचं युद्ध करणाऱ्या सरकारच्या बाजूने मी शपथ घेऊ शकत नाही आणि घेणं मला उचितही नाही, असं म्हणून त्यांनी तो सारला. दुपारी चार वाजता गिलोटीनवर शिरच्छेद झाला. त्या संध्याकाळी योखमान यांनी ऑस्ट्रियाच्या धर्मभगिनींना सांगितलं की आयुष्यात मी संत पाहिला असेल तर तो हाच. त्याच भगिनींनी पुढे रक्षा जपून आणली, आणि ९ ऑगस्ट १९४६ रोजी ती सांक्ट राडेगुंडच्या चर्चच्या भिंतीलगत पुरली गेली.

युद्धानंतर

हिटलर मेला, राज्य बदललं, आता तरी गाव आणि धर्मप्रांत या कुटुंबाला जवळ करतील अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. फ्रान्झिस्का यांना विधवा म्हणून मदत १९५० पर्यंत नाकारली गेली, कारण सरकारी हिशेबात त्यांचा नवरा स्वातंत्र्यासाठी मेलेला नव्हता. गावातल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आघाडीवर गेलं होतं. फ्रान्झ बरोबर असतील तर आपला मुलगा कशासाठी मेला, हा प्रश्न त्या घरांना पेलवणारा नव्हता. मी त्यांना दोष देत नाही.

बिशप फ्लीसर यांचं मात्र पटत नाही. १९४६ मध्ये धर्मप्रांताच्या साप्ताहिकात फ्रान्झ यांच्यावर लेख येणार होता, तो त्यांनी अडवला. कर्तव्य करताना शौर्याने पडलेले आदर्श कॅथलिक तरुण, धर्मगुरू आणि कुटुंबवत्सल पुरुष मला अधिक मोठे वीर वाटतात, असं त्यांनी कळवलं. युद्धाच्या काळात बंद दाराआड घाबरलेला बिशप मला समजतो. पुढे काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. पण १९४६ मध्ये कुणाची भीती उरली होती? तेव्हाचं ते उत्तर विचारपूर्वक दिलेलं आहे, म्हणून ते अधिक खुपतं.

मुंबईचा एक धागा

गॉर्डन झान हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्वतः दुसऱ्या महायुद्धात युद्धसेवा नाकारलेले. जर्मन कॅथलिकांवर संशोधन करताना त्यांना या शेतकऱ्याची माहिती मिळाली, ते सांक्ट राडेगुंडला गेले, लोकांना भेटले, आणि १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तोवर रोममध्ये दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची परिषद, चालू होती. तिथे हे प्रकरण मांडणाऱ्यांत थॉमस रॉबर्ट्स होते. हे येशूसंघीय (जेझुइट) इंग्रज धर्मगुरू १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप होते. वसई तेव्हा मुंबई धर्मप्रांतातच होती, म्हणजे आमच्या आजीआजोबांचे ते आर्चबिशप. आपल्या जागी भारतीय माणूस यावा म्हणून ते १९४६ मध्येच मुंबई सोडून बाजूला झाले, आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांच्याकडे ती गादी आली. ज्यांना अधिकार सोडायला जड गेलं नाही, त्यांनीच पुढे अधिकाराला 'नाही' म्हणणाऱ्या शेतकऱ्याची कैफियत १९६५ मध्ये विश्वपरिषदेसमोर आणली, हे मला योग्यच वाटतं.

७ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर झालेल्या 'गौदियुम एत स्पेस' या घटनापत्राच्या ७९ व्या परिच्छेदात म्हटलं आहे की विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यांनी माणुसकीची तरतूद करावी, मात्र त्यांनी समाजाची सेवा दुसऱ्या मार्गाने करायला तयार असावं. रुग्णसेवक होण्याची तयारी फ्रान्झ यांनी २२ वर्षांपूर्वीच दाखवली होती.

पश्चिम जर्मनीने तर १९४९ च्या मूलभूत कायद्यातच हा हक्क लिहिला, ऑस्ट्रियात १९७५ पासून पर्यायी नागरी सेवा सुरू झाली. पण फ्रान्झ यांचा मुद्दा यात बसतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं हेच आलं. एका कॅथलिक सैनिकाने ख्रिस्तसभेच्या न्याय्य युद्धाच्या शिकवणुकीवर बोट ठेवून म्हटलं, मला सगळी युद्धं अमान्य नाहीत, व्हिएतनामचं हे युद्ध अमान्य आहे. ८ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की सूट सर्व युद्धांना विरोध असणाऱ्यालाच मिळेल. सरकारची अडचण कळते, प्रत्येकाने युद्ध निवडायचं म्हटलं तर सैन्य कसं चालणार? पण याचा परिणाम असा की जी मंडळी आपल्या धर्मग्रंथानुसार युद्धाची पारख करतात त्यांनाच सवलत नाही, आणि पारख करण्याची गरज न मानणाऱ्यांना ती मिळते. भारतात सक्तीची भरती नाही, त्यामुळे आपल्या न्यायालयांपुढे हा प्रश्न या रूपात उभा राहिलेला नाही.

बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झ यांच्यावरचा १९४३ चा निकाल ७ मे १९९७ रोजी रद्द केला. १ जून २००७ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांचं रक्तसाक्षित्व, म्हणजे श्रद्धेसाठी पत्करलेलं मरण, मान्य केलं, आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्सच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्याच लिंत्समध्ये, बिशपांच्या दाराबाहेर, नवऱ्याची वाट पाहत थांबलेल्या फ्रान्झिस्का त्या दिवशी समोर बसल्या होत्या. त्यांचं वय ९४ होतं. अवशेषांचं पात्र हातात घेऊन त्यांनी त्याचं चुंबन घेतलं, आणि मग ते वेदीकडे दिलं.